दारूगोळा आणि माणूस यांतले अंतर

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत 24 जानेवारी 2025 रोजी सकाळी स्फोट झाला. इमारतीचे छत कोसळून बाराहून अधिक कामगार ढिगाऱ्याखाली सापडले. त्यांतील किमान आठ दगावले. त्याआधी ऑक्टोबर 2024 मध्ये नाशिकजवळ देवळालीत सरावाच्या वेळी तोफगोळा फुटून दोन अग्निवीरांचा मृत्यू झाला होता. समोर शत्रू नसताना दारूगोळ्याने घेतलेल्या अशा बळींकडे पाहण्याची दृष्टी दोन शतकांत बरीच बदलली.

पूर्वी हा धंद्यातला अटळ धोका मानला जाई. दारूच्या गिरण्या उडत आणि पुन्हा बांधल्या जात. अमेरिकेत ब्रँडीवाइन नदीकाठी 1802 पासून उभ्या राहिलेल्या ड्यूपाँ कंपनीच्या गिरण्यांना तीन बाजूंनी जाड दगडी भिंती होत्या. नदीकडची बाजू आणि छप्पर हलके असे. स्फोट होणारच, हे धरून त्याला वाट करून दिलेली होती. ब्रिटनच्या 1875 च्या स्फोटक कायद्याने त्यापुढे मजल मारली. एका इमारतीत किती माल आणि किती माणसे असावीत, दुसरी इमारत किती दूर असावी, हे परवान्यात नोंदवले जाऊ लागले. या विचारातली ही सर्वांत मोठी झेप होय. कामगाराच्या सावधगिरीवर सारा भार न टाकता, त्याच्या हातून चूक झाली तरी बाकीचे वाचावेत, अशी ही व्यवस्था होती. भारतात स्फोटकांचा कायदा 1884 मध्ये आला.

नियम मात्र निकडीपुढे वाकतो. एरवी स्फोटके मुंबईच्या गोदीबाहेरच उतरवली जात. युद्धकाळात ही शिस्त सैल झाली आणि सुमारे 1,400 टन स्फोटके व कापूस एकत्र भरलेले ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज थेट व्हिक्टोरिया गोदीत आले. 14 एप्रिल 1944 रोजी कापसाला आग लागली, दोन प्रचंड स्फोट झाले आणि शेकडो माणसे मेली. आग विझवणारे 66 जवानही गेले. 14 एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ.

भंडाऱ्याची निर्माणी 1960च्या दशकातली, म्हणजे हे सारे ठाऊक झाल्यानंतरची. विस्तीर्ण आवार आणि वस्तीपासून राखलेले अंतर ही अशा कारखान्यांची ओळखच असते. कुंपणाबाहेरच्या गावांना त्याचा आधार मिळतो. आतल्या कामगाराला मात्र दूर अंतरावरून यंत्र चालवण्याची सोय आणि एका छताखाली कमीत कमी माणसे, एवढेच वाचवू शकते. म्हणून स्फोटाचे तांत्रिक कारण जितके महत्त्वाचे, तितकाच त्या छताखाली एवढी माणसे का होती हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

सरावाच्या मैदानावर अंतराचा हा उपाय अपुरा पडतो. तोफेवरच्या जवानाला तोफेजवळच राहावे लागते. त्याची सुरक्षितता तोफ, गोळा, फ्यूज यांच्या निर्दोषपणावर आणि कवायतीच्या शिस्तीवर उभी असते. निर्माणीतला तपासनीस आणि देवळालीतला नवा जवान एकमेकांना कधी भेटत नाहीत. तरी एकाचा जीव दुसऱ्याच्या कामावर अवलंबून असतो. तेव्हा उत्पादनाच्या घाईसाठी तपासणीत सूट देणे हा जिवाशी खेळ आहे. प्रत्येक अपघाताच्या चौकशीतून निघालेले कारण सर्व निर्माण्यांतील कामगारांपर्यंत, कंत्राटी मजुरांपर्यंतसुद्धा, त्यांच्या भाषेत पोहोचवले पाहिजे.