डोहातले मासे आणि पहिला पाऊस



गेल्या उन्हाळ्यात आपल्या धर्मग्रामातील युवकांना घेऊन आम्ही वाडा तालुक्यातील तिळसे येथे गेलो होतो. आपल्या वसईच्या उत्तरेला समुद्राला मिळणारी वैतरणा तिथे खडकांतून वाहते. काठी महादेवाचे देऊळ आणि शेजारी डोह. डोहात हातभर लांबीचे महाशीर मासे निवांत फिरत असतात. येणारेजाणारे त्यांना खाऊ टाकतात, पण गळ कोणी टाकत नाही. मासे देवाचे, ते धरले तर वाईट होते, अशी समजूत आहे.

परतीच्या गाडीत एका मुलाने विचारले, "फादर, भीतीपोटी मासे वाचवले, तर त्याला चांगुलपणा म्हणायचं का?"

प्रश्न सोपा नव्हता. उपयोगाच्या बाजूने पाहिले तर उत्तर सरळ आहे. उन्हाळ्यात नदी आटते आणि मैलोन्मैलांचे मासे चारदोन डोहांत गोळा होतात. तिथे कोणी एक सुरुंग फोडला किंवा विष कालवले की एका दुपारी सगळे संपते. उलट मे महिन्यात डोहात जे जगतात, तेच पावसात ओढ्यांना चढून अंडी घालतात. एक राखलेला डोह म्हणजे साऱ्या नदीची बियाण्याची कणगी. महाडजवळ काळ नदीवरचा वाळण कोंड असाच देवीच्या नावाने राखलेला आहे. कर्नाटकात शृंगेरीला तुंगा नदीतही तेच.

पण मुलाचा प्रश्न उपयोगाचा नव्हता, हेतूचा होता. आम्हाला वाटते, लहान मूल आधी धाकाने खरे बोलते, मग सवयीने, आणि पुढे कधीतरी खऱ्याच्या प्रेमाने. भीतीला पहिली पायरी म्हणून नाव ठेवू नये. अडचण एवढीच की, ही भीती देवळाच्या पायरीशी संपते. डोहापासून अर्धा मैल खाली तोच भक्त तोच मासा सुखाने तळून खातो. कारखान्याच्या सांडपाण्याला तर कसलीच भीती नसते.

थायलंडमध्ये म्यानमारच्या सीमेलगत न्गाओ नावाची नदी आहे. तिथल्या कारेन गावकऱ्यांनी आपापल्या गावाजवळचा नदीचा छोटासा तुकडा मासेमारीसाठी बंद केला. नियम त्यांनी स्वतः केले, राखणही स्वतःच केली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की, बंद तुकड्यांत माशांच्या जाती सुमारे २७ टक्के अधिक आहेत आणि माशांचे एकूण वजन वीसपटीहून जास्त. बाकीची नदी त्यांना मासेमारीसाठी मोकळीच आहे. म्हणजे पोट आणि राखण यांत एकाचीच निवड करावी लागते, असे नाही. मात्र गरिबाचा डोह बाहेरच्या कोणी हुकूम काढून बंद केला, तर तो अन्यायच, मग हेतू कितीही चांगला असो.

चांगल्या हेतूबद्दल आणखी एक. कावेरीत मासे कमी झाले म्हणून बाहेरचे निळ्या पराचे महाशीर सोडले गेले. ते वाढले, नदी भरलेली दिसू लागली. पण कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर मागे पडत गेला आणि २०१८ साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. मासा तो मासा, असे म्हणून चालत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी सृष्टीतील विविधतेचे कारण सांगितले आहे: देवाचा चांगुलपणा कोण्या एका प्राण्यात मावणार नाही, म्हणून त्याने अनेक घडवले. आपल्या तळ्यांत तिलापिया माजल्याचे पाहून आम्हाला हा विचार नेहमी आठवतो. (तिलापिया खाण्यात पाप नाही, कोणी गैरसमज करून घेऊ नये!)

हे सारे आम्ही एका रविवारी मिस्सानंतर बोललो, तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ थांबले. म्हणाले, "फादर, पहिल्या पावसात वलगणीचे मासे आमचा आजा धरायचा. गाबोळीसकट. ते पण सोडायचे?"

आम्ही गप्प झालो, कारण लहानपणी गुडघाभर पाण्यात टोपली घेऊन आम्हीही उभे राहिलो आहोत, आणि त्या गाबोळीची चव अजून जिभेवर आहे. मग आम्ही त्यांना अनुवादाच्या पुस्तकातला पक्ष्याच्या घरट्याचा नियम सांगितला: पिले घे, पण आईला जाऊ दे. चढणारी मासळी ही आईच. तिला वर जाऊ द्यावे, पाऊस ओसरल्यावर नदीत काय मिळेल ते घ्यावे.

"आणि शेजारच्यानं धरली तर?" त्यांनी विचारले.

यावर आम्ही अजून विचार करत आहोत. जूनपूर्वी एका रविवारी मिस्सानंतर ओढ्याकाठची सारी घरे एकत्र बसू या, असे ठरले आहे. त्या गृहस्थांनी यायचे कबूल केले आहे, शेजाऱ्यालाही आणतो म्हणाले.