आधी ताळेबंद, मग पेरणी

पावसाळा सरला की हिवरे बाजारच्या ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मांडला जातो. पाऊस किती पडला, मुरला किती, विहिरींना पाणी किती. त्यातले माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे, आणि उरलेल्यावर रब्बीचा पेरा ठरवायचा. पाऊस कमी तर पेराही कमी. ऊस आणि केळी गावाने वर्ज्य केली, शेतीसाठी बोअर घेणेही बंद केले. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले तेव्हा याच गावची माणसे पोटासाठी गाव सोडत होती. पाणलोटाची कामे नगर जिल्ह्यात इतरही गावांत झाली. हिवरे बाजार टिकले ते या ताळेबंदामुळे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या घरात हा हिशेब उलटा चालतो. किराणा, रिचार्ज, गाडीचा हप्ता, कुणाच्या लग्नाचा आहेर, आणि महिनाअखेर काही उरलेच तर बचत. ते उरत नाही. बारा-पंधरा हजारांत चार माणसांचे घर चालवणाऱ्याला उधळपट्टीबद्दल बोल लावण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्याची मिळकत कमी आहे, हेच त्याचे खरे दुखणे आहे. पण पैसे हाती येतात त्या दिवशी पहिली नोट कुठे जाणार, एवढे तरी त्याच्या हातात असते. आपल्याकडे डेअरीचे पेमेंट साधारण दहा दिवसांनी होते. त्याच दिवशी पन्नास रुपये वेगळे काढणारे घर आणि पुढच्या पेमेंटच्या भरवशावर दुकानात उधारी मांडणारे घर यांची कमाई पुष्कळदा सारखीच असते.

बचत गटाच्या बायकांना हे कुणी शिकवावे लागले नाही. ठरल्या तारखेला देवळाच्या ओट्यावर सतरंजी पडते. एकेकीचे नाव पुकारले जाते, पासबुकात घडी घालून ठेवलेली शंभराची नोट पुढे येते, सचिव वहीत आकडा मांडून सही घेते. उशीर झाला तर दंड, मग ती अध्यक्षबाई का असेना. त्याच पैशातून कुणाला शेळी घ्यायला, कुणाला मुलाची फी भरायला कर्ज मिळते. सावकाराच्या दारात उभे राहण्याची लाज त्या वहीने वाचवली.

तरी एक गोष्ट मला सतत खुपते. घरात काटकसर करायची ठरली की ती पहिल्यांदा बाईच्या ताटात होते. तिचे दूध बंद होते, तिच्या गोळ्या पुढच्या महिन्यावर जातात. पुरुषाची पुडी आणि टपरीवरचा चहा मात्र कुठल्याच हिशेबात येत नाही. रोजचे वीस रुपये म्हणजे महिन्याचे सहाशे. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत पाच वर्षे टाकले तर मुद्दलच ३६ हजार होते, ६.७ टक्के दर धरला तर हाती ४३ हजारांच्या आसपास येतात. मुलीच्या कॉलेजचा निदान पहिला धक्का तेवढ्यात निघतो. जी बचत घरातल्या एकाच माणसाला उपाशी ठेवून होते, तिला मी बचत म्हणणार नाही.

आणि बचत एकट्याचीच असावी असेही नाही. राळेगणसिद्धीत १९८० च्या सुमारास धान्य बँक सुरू झाली. ज्याचे पिकले त्याने धान्य ठेवायचे, ज्याचे बुडाले त्याने न्यायचे आणि पुढच्या सुगीला थोडे वाढवून परत करायचे. नेणाऱ्याला कुणी भिकारी म्हटले नाही. आजही कित्येक घरांत उन्हाळ्यात, भाव बरा असताना, वर्षाची ज्वारी आणि गहू भरून ठेवतात. दोन शेजाऱ्यांनी मिळून पोती घेतली तर गाडीभाडेही वाटून जाते.

साठवलेला पैसा ठेवायचा कुठे, हेही जपून ठरवावे लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला तेव्हा नगर शहरातल्या कितीतरी सामान्य ठेवीदारांची झोप उडाली. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते, हे दारावर येणारा पिग्मीवाला सहसा सांगत नाही. शेअर बाजाराच्या नावाने दरमहा भरघोस परतावा देतो म्हणणाऱ्यांनी शेवगाव भागात अनेकांची आयुष्यभराची पुंजी बुडवली. त्या पैशांत कुणाची विकलेली जमीन होती, कुणाचे दागिने होते. एक-दोन टक्के जास्त व्याज सांगणारा माणूस ओळखीचा, नात्यातला असला तरी कागद मागा. मागताना संकोच करू नका.

पोस्टात आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून उघडता येते. या महिन्याचा पगार किंवा दुधाचे पैसे हाती येतील त्या दिवशी, किराण्याच्या दुकानात जाण्याआधी पोस्टात जा, आणि खात्यावर घरातल्या बाईचे नाव घाला.