पडद्याअलीकडची पंगत

पंगतीत तूप वाढणाऱ्याची खरी परीक्षा शेवटच्या पानाशी होते. पहिल्या दहा पानांवर हात सैल असतो. ओळखीचे चेहरे दिसतात, भातावर सढळ धार पडते. पुढे भांडं हलकं होत जातं आणि पळी आपोआप आखडते. आमच्या वाईत कृष्णामाईच्या उत्सवात घाटावर पंगती बसतात. माझे वडील तूप वाढायला उभे राहिले की आधी पंगतीच्या टोकापर्यंत एकदा चालत जायचे, पानं मोजायचे आणि मग पळी किती भरायची ते ठरवायचे. पंक्तिप्रपंच करू नये, हे मी असं पाहून शिकले. एकाच पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं वाढणं हा दोष आहे. तो जेवणाऱ्याला लागत नाही. वाढणाऱ्याला आणि यजमानाला लागतो.

मी नारदीय परंपरेतली कीर्तनकार. पूर्वरंगात एक प्रश्न घ्यायचा आणि श्रोत्यांना सोबत घेऊन तो उलगडत न्यायचा, हे माझं रोजचं काम. युरोपातली मराठी मंडळं आषाढीला, गणपतीत बोलावतात, त्यामुळे तिकडे जाणं होतं. एका आषाढी एकादशीला मी व्हिएन्नाला निघाले होते. सुरक्षा तपासणीत माझ्या झांजांची पिशवी उघडली गेली. तिथल्या मुलीने एक झांज दुसरीवर अलगद टेकवली, नाद ऐकला आणि हसून पिशवी परत दिली. मग विमानात बसले, आणि पूर्वरंगाला पुरेल असा प्रश्न मला तिथे मिळाला. पंक्तिभेद पैसे मोजून विकत घेतलेला असेल, तर तो दोष राहतो का?

विमान एअरबस ए-३२०. मधे चिंचोळी वाट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या. कंपनी जुनी, नावाजलेली, प्रवाशांना पाहुणे म्हणणारी. लांबच्या प्रवासात बिझनेस क्लास म्हणजे झोपता येईल अशी खुर्ची असते. युरोपातल्या युरोपात बहुतेक कंपन्यांकडे तसं काही नसतं. पुढच्या खुर्च्या मागच्यांसारख्याच असतात, फक्त तिघांतली मधली जागा रिकामी ठेवतात. बिझनेसची तिकिटं किती गेली त्यावर पडदा एखादी ओळ पुढे किंवा मागे सरकवतात. म्हणजे सकाळच्या फेरीत जी ओळ बिझनेस असते, तीच संध्याकाळी साधी होते. खुर्ची तीच, खिडकी तीच, पोहोचण्याची वेळही तीच.

माझी ओळ पडद्यामागची पहिली. कापडाच्या फटीतून पलीकडचा एक हात दिसत होता. त्या हातासमोर पांढरा कपडा अंथरला गेला, त्यावर चिनी मातीची बशी आली, धातूचा काटा-चमचा आला. गरम पावाचा वास मात्र फटीची वाट न पाहता आमच्या ओळीत आला. थोड्या वेळाने तीच हवाईसुंदरी पडद्याअलीकडे आली. आम्हाला पाण्याची छोटी बाटली आणि चॉकलेटची वडी दिली. बाकी हवं असेल त्याला मेनूकार्ड आणि कार्ड घासायचं यंत्र. माझ्या शेजारी सहा-सात वर्षांचा मुलगा आणि पलीकडे त्याचे वडील. मुलाने पडद्याकडे पाहत काहीतरी विचारलं. त्यांची भाषा मला कळली नाही. वडिलांनी मेनूकार्ड उघडलं, किंमतींवरून बोट फिरवलं, कार्ड मिटून पुन्हा समोरच्या खिशात सरकवलं आणि स्वतःची चॉकलेटची वडी मुलाच्या हातात ठेवली.

मला त्या दिवशी एकादशी होती. पिशवीत राजगिऱ्याची वडी आणि शेंगदाण्याचा लाडू होता, गरम पाव मी घेणारच नव्हते. म्हणून सांगते, हा प्रश्न माझ्या पोटातून आलेला नाही. त्या बापाच्या बोटातून आलेला आहे.

हा भेद फार जुना नाही. मोठ्या कंपन्या युरोपातल्या छोट्या प्रवासातही साध्या तिकिटाला खाणंपिणं देत असत. रायनएअर, ईझीजेटसारख्या स्वस्त कंपन्यांनी तिकिटाची किंमत इतकी खाली आणली की जुन्यांना कुठेतरी कात्री लावणं भाग पडलं. ब्रिटिश एअरवेजने जानेवारी २०१७ मध्ये जवळच्या प्रवासात साध्या वर्गाचं मोफत खाणं बंद केलं आणि मार्क्स अँड स्पेन्सरचे पदार्थ विकायला सुरुवात केली. काही वर्षांनी पाणी आणि किरकोळ खाऊ पुन्हा मोफत झाला. लुफ्तान्सानेही २०२१ पासून खाणं विकायला काढलं, पाणी आणि चॉकलेट तेवढं ठेवलं. केएलएम आणि एअर फ्रान्स मात्र साध्या तिकिटालाही काहीतरी छोटं खाणं आणि पेय देत आल्या आहेत. म्हणजे सगळ्यांना वाढणं परवडतच नाही, असं म्हणता येणार नाही.

व्हिएन्नात माझा भाचा राहतो. विमानतळावरून घरी जाताना मी त्याला हे सांगितलं. तो हिशेबातला माणूस. म्हणाला, "मावशी, ही खानावळ आहे, पंगत नाही. खानावळीत एकजण पूर्ण ताट घेतो, दुसरा राइसप्लेट घेतो. तू तिथे पंक्तिप्रपंच म्हणतेस का? आणि पुढे बसलेला माणूस जास्त पैसे भरतो म्हणून तुझं तिकीट स्वस्त होतं. पडदा काढलास तर तुझंच भाडं वाढेल."

हे म्हणणं हलकं नाही. दुकानदाराने दोन किंमतींचा दोन तऱ्हेचा माल ठेवला तर त्यात पाप कसलं? आणि हेही तितकंच खरं की विमानातली ओळ जन्माने मिळत नाही. आपल्या पंगतींचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याने हा फरक आधी मान्य केला पाहिजे. ज्या विठ्ठलाचं कीर्तन करायला मी निघाले होते, त्याच्या देवळाचं दार दलितांसाठी उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. महाडच्या तळ्याचं पाणी पिण्यासाठी १९२७ साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ज्यांना पंगतीत बसूच दिलं नाही त्यांचं दुःख आणि पाव विकत घ्यावा लागणाऱ्याची अडचण एका तागडीत घालणं हा त्या माणसांचा अपमान होईल. मी ते करणार नाही.

पण भाच्याचं उत्तर मला पुरलं नाही. खानावळीतून उठून जाता येतं. विमानाचं दार बंद झालं की उठता येत नाही. आणि पंगत कशाने होते? अन्न फुकट आहे म्हणून नव्हे. माणसं एका ओळीत, एका छताखाली, एकमेकांच्या भरवशावर बसली आहेत आणि वाढणारा एकच आहे, म्हणून ती पंगत होते. ए-३२० मध्ये हे सगळं आहे. तिथला धोकाही सगळ्यांचा एकच आहे.

तो पडदाच पाहा. विमान उडताना आणि उतरताना तो बाजूला सारून बांधून ठेवावा लागतो. सुटकेची वाट मोकळी आणि दिसती राहिली पाहिजे, म्हणून. नव्या जातीच्या विमानाला परवाना देताना अशी चाचणी घेतात की निम्मे दरवाजे बंद, अंधार, आणि भरलेलं विमान नव्वद सेकंदांत रिकामं झालं पाहिजे. त्या नव्वद सेकंदांत पुढचा आणि मागचा वर्ग नसतो. दर पन्नास खुर्च्यांमागे एक कर्मचारी असावाच लागतो, तोही सगळ्यांसाठी. म्हणजे जिवाचा प्रश्न येतो तेव्हा विमान ही पंगत आहे, हे नियम करणाऱ्यांनी कधीच मान्य केलं आहे.

प्रवास मोडला तरी तेच. युरोपीय संघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम आहे. दीड हजार किलोमीटरपर्यंतच्या प्रवासात विमान दोन तास किंवा जास्त रखडलं, तर थांबण्याच्या मानाने खाणंपिणं कंपनीने फुकट द्यायचं. रात्र काढावी लागली तर हॉटेल द्यायचं. ऐन वेळी फेरी रद्द झाली आणि त्याला कंपनीच्या हाताबाहेरचं कारण नसेल, तर प्रत्येकी २५० युरो. हे देताना तिकीट कोणत्या वर्गाचं, असं विचारलेलं नाही. २०१० मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीची राख आकाशात पसरली आणि युरोपभर विमानं जमिनीवर राहिली. त्यात कंपन्यांचा काय दोष? तरीही २०१३ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की अडकलेल्या प्रवाशाला जेवू घालण्याची, निवारा देण्याची जबाबदारी टळत नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. संकटात कंपनी दुकानदार राहत नाही, यजमान होते, असं त्यात न्यायालयाने म्हटल्यासारखं आहे.

मग सगळं सुरळीत चाललेलं असताना यजमानपण कुठे जातं?

या प्रश्नाला युरोपच्याच मातीतलं एक जुनं उत्तर आहे. बायबलात पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र आहे, त्याचा अकरावा अध्याय मी मराठीत वाचला आहे. ग्रीसमधल्या करिंथ गावात प्रभुभोजनाला मंडळी जमत. सधन लोक आपापलं अन्न आणून आधीच खात-पीत. काही जण पिऊन झिंगत आणि त्याच बैठकीत काही जण उपाशी राहत. पौलाने त्यांना खडसावलं. त्याने श्रीमंतांना संपत्ती टाकून द्या असं सांगितलं नाही. घरी काय खायचं ते खा. पण एकत्र जमलात की एकमेकांसाठी थांबा, असं त्याच्या सांगण्याचं सार. पैठणच्या नाथांच्या चरित्रात याच प्रश्नाची आपली कथा आहे. श्राद्धाचा स्वयंपाक झाला, वास दरवळला, रस्त्याने चाललेल्या अस्पृश्य मानलेल्या कुटुंबाच्या पोरांना तो लागला. नाथांनी त्यांना आत घेतलं आणि तेच अन्न वाढलं. ब्राह्मणांनी बहिष्कार घातला तरी नाथ ढळले नाहीत. अन्नाचा वास ज्याच्यापर्यंत पोहोचला तो पंगतीत आला, असा त्या कथेचा अर्थ मी कीर्तनात सांगत आले आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ११७ वं सूक्तही एकट्याने खाणाऱ्याला पापाचाच वाटेकरी ठरवतं.

तेव्हा माझा निवाडा असा. जागा विकावी. मधली खुर्ची रिकामी ठेवायची आहे, तिचे पैसे घ्यावेत. तिकीट बदलण्याची मुभा, जास्त सामान, आधी चढण्याची सोय, विमानतळावरची स्वतंत्र बैठक हे सगळं विकावं. यात कोणाच्या पानातलं काही कमी होत नाही आणि भाच्याचा हिशेबही बिघडत नाही. पण दार बंद झाल्यापासून दार उघडेपर्यंत वाढपी एक असेल, तर अन्नपाण्यात भेद नको. वाढायचं तर सगळ्यांना वाढा, विकायचं तर सगळ्यांना विका. स्वस्त कंपन्या सगळ्यांना विकतात; त्यांच्याकडे कोणी पाहुणा नाही, म्हणून त्यांना हा दोष लागत नाही. तो लागतो पाहुणा म्हणून बोलावून अर्ध्या पंगतीला बिल देणाऱ्याला. दीड-दोन तासांच्या प्रवासात गरम जेवणावाचून कोणाचं अडत नाही. सगळ्यांना एकच सँडविच आणि हवं तेवढं पाणी, एवढ्याने भागतं.

पुढे बसलेल्यांवर माझा राग नाही. मला वाईट वाटतं ते त्या हवाईसुंदरीचं. पडद्यापलीकडे ती नावाने हाक मारून वाढत होती आणि चार पावलांवर तिलाच यंत्र हातात धरून उभं राहावं लागत होतं. माझी बाटली संपलेली पाहून न मागता तिने पाण्याचा पेला आणून दिला. वाढण्याची वृत्ती तिच्यात होती. तिच्या हातून भेद करवून घेतला जातो, आणि ज्याने तो करायला लावला तो विमानात नसतो.

कंपन्या माझं ऐकतील की नाही, ते त्यांचं ते जाणोत. आपल्याकडचं आपल्या हातात आहे. तिरुपतीला तीनशे रुपयांचं शीघ्र दर्शन आपण सवयीचं करून घेतलं आहे. देणगीदारांना गाभाऱ्याजवळची रांग वेगळी आणि महाप्रसादाला टेबल वेगळं, ही रीत गावोगावच्या देवस्थानांत शिरली आणि परदेशातल्या मंडळांतही पोहोचली आहे. पहिल्या रांगेच्या खुर्च्या विकत असाल तर विका, सभागृहाचं भाडं मलाही समजतं. प्रसादाला मात्र एकच पंगत बसवा. पुढच्या आषाढीसाठी ज्या मंडळांनी विचारलं आहे, त्यांना मी आधीच कळवलं आहे की महाप्रसादाला देणगीदारांचं वेगळं टेबल मांडायचं असेल तर कीर्तनाला दुसऱ्या कोणाला बोलवावं.