सुईचा भार

मनुष्य जुन्या वस्तूकडे परत वळतो तेव्हां तो दोन निरनिराळ्या हेतूंनीं वळलेला असूं शकतो. एक तर त्या वस्तूनें पूर्वीं जें दिलें तें त्याला पुन्हां हवें असतें. किंवा ती वस्तु आपल्याजवळ आहे हें चार लोकांनीं पाहावें असें त्याला वाटत असतें. पहिल्या हेतूला आपण निष्ठा म्हणतों, दुसर्‍याला मिरवण्याची हौस. आणि अडचण अशी कीं, दोन्ही हेतु एकाच मनांत, एकाच वेळीं, एकमेकांचे कपडे घालून वावरत असतात. गेल्या वर्षीं ध्वनिमुद्रिका वाजविण्याचें यंत्र विकत घेण्याचा एक साधा प्रसंग आमच्यावर आला, आणि त्या निमित्तानें या दोहोंना ओळखून वेगळें करण्याची पाळी आली. प्रसंग क्षुल्लक आहे. परंतु क्षुल्लक प्रसंगींच मनुष्य स्वतःला अधिक मोकळेपणानें फसवितो, म्हणून तो वाचकांपुढें मांडावा असें वाटलें.

आमचें घर चौक येथें, मुंबई-पुणें जुन्या रस्त्याच्या अंगाला आहे. ओट्यावर उभें राहिलें कीं इरशाळगडाचा सुळका समोर दिसतो. वडील शिक्षक होते. त्यांच्यामागें माळ्यावर एक सागवानी पेटी राहिली. तींत आजोबांच्या वेळच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणार्‍या लाखेच्या कांहीं तबकड्या, आणि वडिलांनीं पगारांतून एकेक करून जमविलेल्या ३३⅓ फेर्‍यांच्या बत्तीस मोठ्या तबकड्या होत्या. कुमार गंधर्व, भीमसेन जोशी, मल्लिकार्जुन मन्सूर अशीं त्यांवरचीं नांवें. त्यांचें वाजविण्याचें यंत्र कॅसेटी आल्यावर नादुरुस्त झालें आणि पुढें मोडींत गेलें. पेटी मात्र तशीच राहिली. ती उघडली तेव्हां प्रत्येक तबकडीच्या आंतल्या कागदी पाकिटावर शिसपेन्सिलीनें बारीक अक्षरांत तारखा लिहिलेल्या आढळल्या. ज्या दिवशीं ती तबकडी लावली त्या दिवसाची ती तारीख. कुमार गंधर्वांच्या एका तबकडीच्या पाकिटावर एकोणीस वर्षांत एकेचाळीस तारखा होत्या. लहानपणीं हें मोजून ऐकणें आम्हांस कंजूषपणाचें वाटे, आणि तसें आम्हीं एकदां बोलूनहि दाखविलें होतें. त्यावर वडील इतकेंच म्हणाले, “अरे, लावली कीं ती थोडी झिजते. म्हणून लावायची तेव्हां नीट बसून ऐकायची.” या वाक्याचा अर्थ कळण्यास आम्हांस पन्नाशी उलटावी लागली, आणि त्यासाठीं एक तबकडी खर्चीं पडली.

तबकड्यांकडे परत वळणारे आम्ही एकटे नव्हतों. दीर्घ काळ वाजणारी ही तबकडी अमेरिकेंत १९४८ सालीं बाजारांत आली. कॅसेट आणि सीडी यांनीं तिला संपविलें असें सर्वांनींच गृहीत धरलें होतें. पण त्याच अमेरिकेंत २०२० सालीं तबकड्यांच्या विक्रीचें उत्पन्न सीडीच्या उत्पन्नाहून अधिक झालें. असें १९८६ नंतर प्रथमच घडत होतें. आपल्याकडे मुंबईंतील काळा घोड्याजवळचें रिदम हाउस हें संगीताचें जुनें दुकान २०१६ सालीं बंद झालें, तरी चोर बाजारांतील मटन स्ट्रीटवर जुन्या तबकड्या शोधणारांमध्यें आज विशीबाविशीचीं मुलेंहि दिसतात. त्यांना कोणी विचारलें तर बहुधा उत्तर मिळतें कीं, तबकडीचा आवाज अधिक खरा असतो. हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. आंकड्यांत बांधलेला आवाज मनुष्याच्या कानाला ऐकूं येणारें सर्व कांहीं सांठवूं शकतो, आणि त्यांत खरखरहि कमी असते. आमचे पन्नाशीचे कान तर दोहोंमधला भेद शपथेवर सांगूं शकणार नाहींत. तेव्हां तबकडी ऐकण्याचें समर्थन करावयाचें तर तें आवाजाच्या आधारावर करणें आम्हांस तरी शक्य नाहीं. दुसरा कांहीं आधार आहे काय, हाच खरा प्रश्न होय.

तो प्रश्न स्वतःला विचारण्यापूर्वींच आम्हीं एक यंत्र घेऊन आलों होतों. लहानशा प्रवासी पेटीसारखें दिसणारें, आंतच ध्वनिवर्धक बसविलेलें, रंगानें मोहक. तें दिवाणखान्यांत शोभे. आलेगेले त्याची चौकशी करीत, आणि आम्ही मोठ्या उत्साहानें वडिलांची आठवण सांगत असूं. निष्ठेनें हौसेचे कपडे घातले होते कीं हौसेनें निष्ठेचे, हें तेव्हां कळलें नाहीं. कुमारांची ती तबकडी दिवसांतून तीन तीन वेळां, महिनाभर लागली. मग एके दिवशीं तारसप्तकांतला एक स्वर फाटल्यासारखा वाटला. धूळ असेल म्हणून पुसली. स्वर फाटकाच राहिला. एका जाणत्या स्नेह्यांनीं यंत्र पाहून सुई जड व सदोष असल्याचें सांगितलें. दुसर्‍या चांगल्या यंत्रावर लावून पाहिली, तरी ती जागा तशीच. वडिलांनीं एकोणीस वर्षांत जितक्या वेळां ती ऐकली, त्याच्या दुपटीहून अधिक वेळां आम्हीं ती एका महिन्यांत वाजविली, आणि तीहि त्यांच्या आठवणीच्या नांवाखालीं.

हें कसें होतें तें थोडक्यांत सांगणें आवश्यक आहे. तबकडीच्या एका बाजूवर कांठापासून आंत जाणारी एकच नागमोडी खांच असते. त्या खांचेच्या दोन भिंतींची वळणें म्हणजेच गाणें. मोठ्या तबकडीच्या साध्या गोल सुईच्या टोंकाची त्रिज्या सुमारें १८ मायक्रॉन असते, म्हणजे तें टोंक केसाहूनहि बारीक. चांगल्या यंत्राचा दांडा त्या टोंकावर दीड ते दोन ग्रॅमचा भार देतो. स्वस्त पेटीयंत्रांत तो पांच ग्रॅमपर्यंत किंवा त्याहूनहि अधिक असतो. भार हातावर घेतला तर जाणवणारहि नाहीं, पण तो इतक्या सूक्ष्म टोंकावर एकवटतो कीं खांचेच्या भिंतींस तो चांगलाच जाणवतो. हिर्‍याची सुईहि अमर नसते. पांचशे ते हजार तासांत तिची धार बिघडते, आणि बिघडलेली सुई खांचेंत कानशीप्रमाणें काम करते. आजोबांच्या चावीच्या फोनोचा भार तर शंभर ग्रॅमहून अधिक असे. पण त्या लाखेच्या तबकडींत दगडाची भुकटी मिसळलेली असे, आणि पोलादी सुई स्वतः झिजून खांचेस जुळावी अशी मूळ योजना होती. म्हणून दर बाजूस सुई बदलीत. झीज शक्य तितकी सुईनें सोसावी, गाण्यानें नव्हे, हा त्या योजनेचा अर्थ.

फोनवर एखादें गाणें हजार वेळां ऐकलें तरी त्यांतला कणभर अंश कमी होत नाहीं. हा त्याचा मोठाच गुण आहे, आणि आम्ही त्याचा रोज लाभ घेतों. तबकडीचें तसें नाहीं. रोमन कायद्यांत उपभोगाचा एक हक्क सांगितला आहे: दुसर्‍याच्या वस्तूचीं फळें घ्यावींत, पण वस्तूचें मूळ बिघडवूं नये. आंब्याच्या झाडाला हा नियम सहज लागू पडतो. आंबे खाल्ले तरी झाड राहतें. तांदळाला तो लागू पडत नाहीं. खाल्ले कीं संपले. तबकडी या दोहोंच्या मध्यें कोठें तरी बसते. तिचें जवळचें नातें आजीच्या पैठणीशीं आहे. पैठणी नेसली कीं थोडी विरते, आणि कधींच नेसली नाहीं तर घडीवर फाटते. म्हणून घरोघर तिच्यासाठीं लग्नमुंजीचे दिवस ठरलेले असत. ती कोणाची, असें विचारलें तर आजी ‘माझी’ म्हणे, पण वापरतांना ती नातसुनेची असल्यासारखी वापरी. वडिलांच्या तारखांचा अर्थ हाच होता. वस्तु आपल्या हातीं असली तरी पुढच्या ऐकणाराचा तींत वाटा आहे, आणि त्याच्या वांट्यांतून आपण आज किती उचललें याचा तो हिशेब होता.

यावर कोणी म्हणेल, मग तबकडी लावूंच नये म्हणजे झालें. पण न वाजणारी तबकडी ही केवळ एक काळी ताटली आहे. ती जपणारा आणि पुरलेल्या हंड्यावर बसलेला नाग यांत फारसा भेद नाहीं. अब्दुल करीम खांसाहेब १९३७ सालीं निवर्तले. ज्या रागाला मैफलींत तासभर लागावा तो त्यांनीं तीन-सव्वातीन मिनिटांत असा बांधून ठेवला कीं, ऐकणाराला अपुरेपण जाणवत नाहीं. तो स्वर आज आपल्यापर्यंत पोंचतो तो कोणी तरी त्या तबकड्या जपल्या आणि कोणी तरी त्या वाजविल्या म्हणून. १९९० सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या मंडळींच्या कार्याचें मोल या दृष्टीनें मोठें आहे. तात्पर्य, तबकडी आणि फोन यांचें वैर नाहीं. तबकडी एकदां काळजीपूर्वक वाजवून तिची नक्कल उतरून घ्यावी, रोजच्या ऐकण्यासाठीं ती नक्कल वापरावी, आणि मूळ तबकडी नेमल्या दिवशीं चार माणसांसह ऐकावी. पेटींतील लाखेच्या तबकड्यांपुरता तरी आम्हीं हाच नियम केला आहे.

एक आक्षेप याहून कठीण आहे, आणि तो आमच्या ओट्यावरून रोज दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इरशाळगडाच्या कुशींतील इरशाळवाडीवर दरड कोसळली आणि ठाकरांची ती वस्ती माणसांसह गाडली गेली. आमच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, हा डोंगर समोर असतांना सुईच्या दीड ग्रॅमची चिंता करणें आपणांस शोभतें काय?” या प्रश्नाला आमच्याजवळ पूर्ण उत्तर नाहीं. कलेचें नांव घेतल्यानें चैन ही चैन असण्याचें थांबत नाहीं. मात्र त्या प्रश्नानें आम्हांस एक मर्यादा घालून दिली. तबकड्यांची हानि टाळण्यासाठीं जितका खर्च अवश्य आहे तितका करावा; त्यापलीकडे केवळ अधिक भारी यंत्र घरीं असावें म्हणून एक रुपयाहि घालूं नये. जतनाचा खर्च आणि मिरवण्याचा खर्च यांच्यामधली रेषा इतर वेळीं पुसट असते. डोंगराकडे तोंड करून बसलें म्हणजे ती बरीच स्पष्ट दिसते.

या मर्यादेंत राहून निवड केली तेव्हां ती अपेक्षेहून सोपी झाली. दांड्यामागें वजन असावें आणि सुईचा भार कमीअधिक करतां यावा, ही पहिली अट. सुई सहज बदलतां यावी, ही दुसरी. लाखेच्या तबकड्यांची खांच रुंद, म्हणून त्यांना सुमारें चौपट जाड टोंकाची निराळी सुई लागते आणि ७८ ची गति लागते, ही तिसरी. ध्वनिवर्धक यंत्राहून वेगळे असावेत, म्हणजे त्यांची थरथर सुईपर्यंत पोंचत नाहीं. ताटली पट्ट्यानें फिरावी कीं थेट मोटरीनें, हा वाद रसिकांत जुना आहे. १९७२ सालचें टेक्निक्सचें एसएल-१२०० हें थेट मोटरीचें यंत्र इतकें टिकाऊ निघालें कीं २०१० मध्यें थांबलेलें त्याचें उत्पादन कंपनीला २०१६ सालीं पुन्हां सुरू करावें लागलें. तरी सामान्य घरांत कोणतीहि पद्धत चालते. आम्हीं साधें, पट्ट्याचें, काळ्या रंगाचें यंत्र घेतलें. पाहुणे त्याच्याकडे बघत नाहींत. चौकच्या पावसाळ्यांत पाकिटांना बुरशी धरते, म्हणून तबकड्या आतां उभ्या, हवेशीर कपाटांत असतात. लाखेच्या तबकड्या स्पिरिटानें कधींहि पुसूं नयेत, त्या विरघळतात, हेंहि येथें नमूद करून ठेवतों.

यंत्र सपाटीवर नसेल तर सुई खांचेच्या एका भिंतीवर अधिक रेलते. माळ्याची लांकडी जमीन पावलागणिक हलते, म्हणून खालच्या दगडी भिंतींतला कोनाडा निवडला. शेजारचे गवंडी आपली पाणसळ घेऊन आले. त्यांनीं ती यंत्रावर दोन दिशांनीं धरून पाहिली, एका पायाखालीं पुठ्ठ्याचा तुकडा सारला, आणि बुडबुडा मधोमध आल्यावर पहिलें गाणें ऐकण्यासाठीं तेथेंच बसले. मन्सूरांची तबकडी लावली. एक बाजू संपेपर्यंत कोणी बोललें नाहीं.

त्या रात्रीं पाकिटावर वडिलांच्या अक्षराखालीं आम्हीं तारीख घातली. मग कुमारांचीहि तबकडी काढली. तिच्या पाकिटावर एकेचाळीस तारखांखालीं लिहिलें: “गेला महिना, सुमारें नव्वद वेळां, जड सुईनें.” मुलगी शेजारीं उभी होती. तिनें विचारलें, “बाबा, हें कशाला लिहून ठेवलंत?” ती तबकडी पुढें तिच्याकडेच जाणार आहे, आणि तो फाटलेला स्वर कुमारांचा नव्हे हें तिला माहीत असावें, एवढेंच उत्तर आम्हांस देतां आलें.