चौकटीतला आकडा

जर्नलला पाठवायचा तुमचा पेपर उघडा. स्क्रीनवर असू दे.

लगेच काही बदलू नका. हात कीबोर्डवरून काढा, मांडीवर ठेवा. एक श्वास आत घ्या. सावकाश सोडा.

जर्नलच्या सूचना शेजारच्या खिडकीत आहेत. गोषवारा इतक्या शब्दांत. पानांना क्रमांक. प्रत्येक टेबल वेगळ्या पानावर. ओळींत दुप्पट अंतर. तुम्ही त्या वाचल्या आहेत. आता त्यांना तिथेच राहू द्या.

दोन ओळींमधल्या पांढऱ्या जागेकडे बघा.

टाइप केलेल्या पानांच्या काळात ही जागा पेनसाठी असायची. संपादक तिथे खूण करायचे, शंका लिहायचे. आता पेन नाही, जागा आहे. कुणी अनोळखी माणूस हे पान वाचणार आहे. त्याला इथे थांबता येईल.

तुम्हीही थांबा.

वाक्याच्या शेवटी एक छोटा आकडा आहे. पहिला संदर्भ. १९७८ साली व्हँकुव्हरला काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक एकत्र आले आणि पेपरच्या मांडणीची एक सामाईक रीत ठरली. संदर्भ ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने त्यांना आकडे, हे त्याच रीतीतलं. त्या छोट्या आकड्यामागे कुणीतरी आहे. तुमच्या आधी याच प्रश्नाकडे बघत बसलेलं.

श्वास घ्या. सोडा.

आता एका छापून आलेल्या पेपरकडे चला. महाडचे डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर. २०११, ब्रिटिश मेडिकल जर्नल. लाल विंचवाचा दंश झालेले ७० रुग्ण. सगळ्यांना प्राझोसिन हे औषध. त्यातल्या निम्म्यांना सोबत विंचवाचं प्रतिविषही.

दोन गट. एकात ३५. दुसऱ्यात ३५.

प्रतिविष मिळालेल्या ३५ जवळ बसा. वाचून पुढे जाऊ नका.

कोकणात विंचू कुठे निघतो, तुम्हाला ठाऊक आहे. सरपणात. दगडाखाली. अडगळीत. हात जातो आणि कळ येते.

घामाने भिजलेलं कपाळ बघा. गार पडलेले हातपाय बघा. छातीतली धडधड ऐका.

हे एक. आणखी चौतीस आहेत.

आकड्याला नाव नाही. मुद्दाम नाही. नाव लिहायचं नसतं, आद्याक्षरंही नाहीत, केसपेपरचा नंबरही नाही. तरी घाम त्याचाच आहे. गार तळवे त्याचेच आहेत.

तिथेच राहा थोडं.

दहा तासांनी या गटातले ३२ जण पूर्ण बरे आहेत. दुसऱ्या गटातले ८. फरक मोठा आहे, डोळा तिकडे धावतो. धावू द्या. मग त्याला हळूच मागे आणा. ३२ आणि ३५ यांच्यामध्ये तिघे आहेत. दहावा तास उलटतो आहे आणि ते अजून बरे झालेले नाहीत.

त्या तिघांकडे बघा.

श्वास घ्या.

आता तुमच्या पेपरकडे परत या. रुग्णांचा प्रवाह दाखवणारी आकृती उघडा. चौकटी आणि बाण. वरच्या चौकटीत पात्र ठरलेले. खाली गटांत विभागलेले. आणि बाजूला वळलेला एक बाण, त्याच्या टोकाला छोटी चौकट: पाठपुरावा होऊ शकला नाही.

मला विचाराल तर अख्ख्या पेपरमध्ये हीच चौकट सगळ्यात जवळची.

तिच्यात कितीही असोत. चार असतील. एकच असेल.

तो माणूस पहिल्या दिवशी आला होता. संमतिपत्रावर सही केली, किंवा अंगठा उठवला. दंडाला पट्टा गुंडाळून तुम्ही रक्तदाब मोजलात. पुढच्या तारखेला तो आला नाही. लावणी सुरू झाली असेल. एसटी चुकली असेल. बरं वाटलं असेल. तुम्हाला माहीत नाही आणि पेपरमध्ये अंदाज लिहायचा नसतो.

तरीही त्याला जागा आहे. आला नाही म्हणून त्याला गाळायचं नाही, असा या आकृतीचा आग्रह आहे. १९९६ साली आलेल्या ‘कन्सॉर्ट’ या नियमावलीनं चाचण्यांच्या पेपरात ही आकृती रुजवली. रेघा सरळ करताना, फाँट बदलताना, तुम्ही त्या माणसाची जागा नीट करत असता.

घाई नको. चौकटीची कड बघा. आतला आकडा बघा.

कोण आलं नाही, आठवतंय का? चेहरा आठवला तर आठवू द्या. नाही आठवला तरी बसून राहा.

एक श्वास. आणखी एक.

आता बोट स्क्रीनवर ठेवा. वरच्या चौकटीतला आकडा म्हणा, तोंडाने. मग शेवटपर्यंत राहिलेल्यांच्या चौकटींतले आकडे एकत्र करा. बाजूच्या बाणावरचे मिळवा. सावकाश. एकेक.

जुळलं तर पहिल्या टेबलवर जा आणि तिथली बेरीजही अशीच करा. एकानेही कमी भरलं तर पेपर आज पाठवू नका. रजिस्टर काढा.