जुन्या नाताळ जाहिरातींची हुरहुर

अमेरिकेत नाताळ जवळ आला की टीव्हीवरच्या जुन्या जाहिरातींची आठवण निघते. हर्शीजची १९८९ची जाहिरात त्यांत हमखास असते. लाल-हिरव्या चमकत्या वेष्टनातली चॉकलेटे घंटांसारखी हलतात, नाताळच्या शुभेच्छागीताची धून वाजते, शेवटचा अवघड तुकडा एकच चॉकलेट घाईघाईने वाजवते आणि दमून कपाळ पुसते. फॉल्जर्स कॉफीच्या १९८०च्या दशकातल्या जाहिरातीत पीटर नावाचा तरुण पहाटे घरी पोचतो, धाकट्या बहिणीला भेटून कॉफी करतो आणि कॉफीच्या वासाने घर जागे होते. दोन्ही जाहिराती माल खपवण्यासाठीच केलेल्या होत्या. तरी त्या पाहताना अनेकांचा गळा दाटून येतो. या हुरहुरीला धार्मिक म्हणावे, की तो बाजाराचा विजय समजावा?

बाजाराने सण नासवला, हे उत्तर तयारच असते. पण तुलनेसाठी लागणारा निर्भेळ नाताळ इतिहासात सापडणे अवघड आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटनांनी १६५९मध्ये हा सण पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला होता. बायबलमध्ये त्याला आधार नाही, असे ते मानत. लाल नाकाचा रुडॉल्फ १९३९मध्ये माँटगोमेरी वॉर्ड या दुकानसाखळीने फुकट वाटलेल्या पुस्तिकेतून जन्मला. ९ डिसेंबर १९६५ रोजी सीबीएसवर दाखवलेल्या ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’मध्ये लायनस हा मुलगा रंगमंचावर उभा राहून लूकच्या शुभवर्तमानातला मेंढपाळांचा प्रसंग म्हणतो. सणाच्या बाजारूपणावर टीका करणाऱ्या या कार्यक्रमाची प्रायोजक कोका-कोला होती.

मग या जाहिरातींच्या ओढीचे मूळ कशात? पुनरावृत्तीत. चर्चचे उपासनावर्ष आगमनकाळाने सुरू होते. नाताळापूर्वीचे चार रविवार वाट पाहण्यासाठी राखलेले असतात. तीच गीते आणि तीच वाचने ठरल्या वेळी परत येतात. मिस्सेतल्या स्मरणात घडून गेलेली घटना आज, इथे उपस्थित होते, अशी कॅथलिक शिकवण आहे. भूतकाळ मनात स्मृतिरूपाने वर्तमानच असतो, असा विचार संत ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागात मांडला. घरात एकच टीव्ही, चॅनेल मोजकी आणि जाहिरात पुढे सरकवण्याची सोय नाही, अशा काळात जाहिरातींनाही दरसालची लय लाभली. ठरावीक जाहिरात लागली की सण आल्याची वर्दी मुलांना मिळे. म्हणून चॉकलेटापेक्षा ते वाट पाहणे आणि शेजारी बसलेली माणसे अधिक आठवतात.

हे साम्य मात्र फार लांब जात नाही. उपासनेचा क्रम अख्ख्या समाजाचा असतो, जाहिरात कंपनीच्या मालकीची. कोका-कोलाने १९९५च्या झगमगत्या ट्रकांची जाहिरात २०२४मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने नव्याने बनवली, तेव्हा बरेच प्रेक्षक चिडले. पण तक्रारीपलीकडे त्यांच्या हाती काही नव्हते. दुसरा फरक दिशेचा. तत्त्वज्ञ किर्केगार्दने १८४३च्या ‘रिपिटिशन’मध्ये स्मरण आणि पुनरावृत्ती ही एकच गती, पण उलट दिशांची, असे म्हटले आहे: स्मरण मागे वळते, पुनरावृत्ती पुढे नेते. आगमनकाळ ख्रिस्ताच्या पुनरागमनाकडेही डोळे लावायला सांगतो. जुनी जाहिरात बालपणापाशीच थांबवते. तिसरा फरक मागणीचा. शुभवर्तमान क्षमा, दान आणि परक्याला आसरा मागते. जाहिरात खरेदी मागते, आणि जुनी झाली की तेही मागत नाही. तिच्या निरागसपणाचे रहस्य बहुधा यातच आहे.

ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस यांनी १९४१मध्ये ऑक्सफर्डला ‘द वेट ऑफ ग्लोरी’ हे प्रवचन दिले. त्यातला मुद्दा असा, की पुस्तकात किंवा संगीतात जाणवणारे सौंदर्य त्यांच्या द्वारे येते, त्यांच्यात वसत नाही. वाहकालाच देव मानले तर पदरी निराशा पडते. हा निकष जाहिरातींनाही लागू पडतो. त्यांच्याविषयीची हुरहुर खोटी नाही आणि पापही नाही. श्रद्धेची जागा मात्र ती घेऊ शकत नाही.