मनातलं ओळखणाऱ्याची जबाबदारी

१९५६ साली बीबीसीवर जादूगार पी. सी. सरकार यांनी एका मुलीला करवतीनं कापलं आणि कार्यक्रम तिथंच संपला. घाबरलेल्या प्रेक्षकांनी फोनवर फोन केले. मुलगी धडधाकट आहे हे कळल्यावर भीतीही संपली. डोळ्यांना फसवणाऱ्या जादूचं हेच बरं असतं. शेवटी मुलगी उठून उभी राहते, आणि फसवणूक तिथंच फिटते.

मनातलं ओळखण्याच्या खेळात, म्हणजे मेंटलिझममध्ये, असं उठून उभं राहणारं कुणी नसतं.

शिफ्ट सांभाळून मी चाकणच्या कंपन्यांमध्ये फॅमिली डेला दोन्ही प्रकारचे प्रयोग करतो. रिंगा आणि दोऱ्या दाखवल्या की लोक विचारतात, "कसं केलं?" चिठ्ठीतलं नाव ओळखलं की प्रश्न बदलतो. एकदा जेवणाच्या रांगेत एक कंत्राटी पोरगा हळूच म्हणाला, "दादा, मला पर्मनंट करतील का, तेवढं सांगा ना." रिंगांनंतर असं कुणी विचारत नाही. ज्याला आतलं कळतं त्याला पुढचंही कळत असणार, असं माणसाला वाटतं. काळजीत असलेल्याला तर जास्तच.

महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं रेघ दाव्यावर ओढली आहे. चमत्कार म्हणून दाखवून लोकांना फसवणं, पैसे कमावणं हा गुन्हा आहे. खेळ म्हणून दाखवणं गुन्हा नाही. जानेवारी २०२३मध्ये नागपुरात मनातलं ओळखणाऱ्या एका बाबांना श्याम मानव यांनी ३० लाखांचं आव्हान दिलं. त्याच दिवसांत सुहानी शाह टीव्हीवर तसंच ओळखून दाखवत होत्या आणि ही कला आहे, असं सांगत होत्या.

मग "ही दैवी शक्ती नाही, सायकॉलॉजी आहे" एवढं म्हटलं की झालं? मला ते पुरेसं वाटत नाही. एका एचआरवाल्या साहेबांनी मला विचारलं होतं, "इंटरव्ह्यूत खोटं बोलणारा असा पकडता येईल का? ट्रेनिंग द्याल?" चेहरा वाचण्याचा आव हा बऱ्याचदा खेळाचाच भाग असतो, चिठ्ठी वेगळ्याच वाटेनं कळलेली असते. पण बाबांना हसणारा शिकलेला माणूस 'बॉडी लँग्वेज' या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. आणि त्याच्या हातात कुणाची तरी नोकरी असते.

स्पष्ट सांगितलं तर मजा जाते, असं मित्र म्हणतात. थोडी जातेही. पण मुलगी खरंच कापली जात नाही हे माहीत असूनही लोक तिकीट काढतातच की. कुतूहलाला विश्वासाची गरज नसते. उरलेली जी मजा फक्त समोरच्याच्या गैरसमजावर चालते, तिची किंमत तो समोरचाच भरतो, कधी पैशांत, कधी निर्णयात.

म्हणून प्रयोग संपताना माइकवर एक वाक्य हवंच: मला तुमच्या मनातलं काहीही कळत नाही, ही चलाखी आहे. मेंटलिझममध्ये मुलीला उठून उभं करायचं काम त्या एका वाक्याला करावं लागतं.